गुरे बुजतात, दोष कोणाचा?

ज्या गुरांना आपल्याकडे आठ-दहा वर्षांचे पोर हातात एक काठी घेऊन रानात नेते आणि दिवस मावळता सुखरूप परत आणते, त्याच गुरांच्या दूरदेशच्या वंशजांना टेक्सास आणि क्वीन्सलंड येथील पशुपालक भडक माथ्याची, बुजरी, भरवशाची नव्हेत, अशी विशेषणे लावीत आले आहेत. वशिंड तेच, लोंबती पोळी तीच, कानांची ठेवणही तीच. मग स्वभावात एवढे अंतर पडावे कसे? हा प्रश्न वरवर पाहता केवळ गुरेवाल्यांचा वाटेल. परंतु तो नीट पाहू गेल्यास माणूस आपल्या ताब्यातील जिवांना कसे वागवतो आणि त्या वागणुकीची किंमत अखेर कोण मोजतो, या व्यापक प्रश्नापाशी येऊन ठेपतो. मांसासाठी गुरे पाळणे हा विषय आपल्या वाचकांपैकी अनेकांना रुचणारा नाही, याची जाणीव ठेवूनच तो येथे घेतला आहे. कारण ज्या व्यवसायात दयेला फारसा वाव नाही असे आपण समजतो, त्याच व्यवसायाने गेल्या पन्नास वर्षांत शांतपणाचे मोल आकड्यांत मांडून दाखविले आहे.

प्रथम या गुरांचा प्रवास पाहू. अमेरिकेच्या दक्षिण भागातील उष्ण हवा, गोचिडी आणि त्यांच्यामुळे होणारा ताप यांपुढे युरोपीय वंशाची गुरे टिकेनात, तेव्हा तेथील जमीनदारांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. एकोणिसाव्या शतकात थोडे वळू तेथे गेले. १९०६ साली टेक्सासमधील बोर्डेन यांनी हिंदुस्थानातून बराच मोठा कळप नेला. गुजरातची कांकरेज आणि गीर, आंध्रची ओंगोल आणि काही अंशी आपल्या कृष्णाकाठची गुरे यांच्या संकरातून एक नवी जात तेथे घडली. १९२४ साली पैदासकारांची संघटना निघाली आणि या जातीला ‘ब्राह्मन’ हे नाव मिळाले. १९३३ साली ही गुरे अमेरिकेतून ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडमध्ये गेली आणि त्या खंडाच्या उत्तर भागातील पशुपालनाचा पायाच त्यांनी बदलून टाकला. या जातीच्या मुळाशी असलेली कृष्णाकाठची जात तर कोल्हापूर, सांगली, मिरज येथील संस्थानिकांच्या आश्रयाने, काळ्या जमिनीत नांगर ओढण्यासाठी मुद्दाम तयार केलेली. औताला जुंपण्याजोगा बैल म्हणजे माणसाचा शब्द ऐकणारा बैल. अशा रक्ताच्या गुरांना समुद्रापलीकडे जाताच आडदांडपणाची कीर्ती मिळावी, याचे उत्तर केवळ रक्तात सापडणार नाही हे उघड आहे.

हीच गोष्ट पश्चिम आफ्रिकेतील फुलानी लोकांकडे पाहिले असता अधिक स्पष्ट होते. हे लोक भटके गोपाल. त्यांची गुरेही वशिंडाचीच, शिंगेही चांगली लांब. पण कुंपण नाही की दोरखंड नाही. डेल लॉट आणि बेंजामिन हार्ट या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी १९७० च्या दशकात नायजेरियात या लोकांचे निरीक्षण केले. गुराखी दिवसभर कळपाबरोबर चालतो. एखाद्या वळूने मान तुकवून अंगावर येण्याचा पवित्रा घेतला की तो माघार न घेता काठी उगारून त्याला सामोरा जातो, आणि इतर वेळी गुरांची मान व जांघा खाजवून त्यांना जवळ करतो. म्हणजे गुरांच्या समाजात जी मानमर्यादा असते, तीत तो स्वतःसाठी वडिलकीची जागा मिळवतो. अशा माणसाला गुरे भीत नाहीत, त्याचे ऐकतात. भीती आणि धाक यांतला फरक आपल्या जुन्या शिक्षकांना चांगला ठाऊक होता. तो या निरक्षर गुराख्यांनाही ठाऊक आहे.

कुंपण आले, गुराखी गेला

अमेरिकेतही एके काळी हे ज्ञान होते. यादवी युद्ध १८६५ मध्ये संपल्यावर टेक्सासमधील गुरांचे मोठमोठे तांडे उत्तरेकडे कॅन्ससच्या रेल्वेस्थानकांपर्यंत पायी नेले जात. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालायचे, वाटेत चरू द्यायचे, रात्री विसावा घ्यायचा. घाई केली तर गुरांचे वजन घटे, आणि दचकवले तर सारा तांडा उधळे. त्यामुळे रात्रीचे पहारेकरी घोड्यावरून कळपाभोवती संथ फेऱ्या घालीत आणि हलक्या आवाजात गात. चित्रपटांतील आरडाओरडा करणारा, बार काढणारा ‘काऊबॉय’ आपल्या परिचयाचा आहे. प्रत्यक्षातील शहाणा काऊबॉय मात्र गुरांना अंगाई म्हणणारा होता.

१८७४ मध्ये इलिनॉयमधील जोसेफ ग्लिडन यांनी काटेरी तारेचे पेटंट घेतले आणि दहा-पंधरा वर्षांत हे सारे चित्र पालटले. मोकळी राने तारांनी बंदिस्त झाली. तार स्वस्त आणि माणूस महाग, तेव्हा तारेने माणसाची जागा घेतली. गुरे एका अफाट कुंपणात सोडून द्यायची आणि वर्षातून एकदोनदा गोळा करायची, हीच रीत पडली. ऑस्ट्रेलियात ती आणखी टोकाला गेली. तेथील ॲना क्रीक या गुरेवाडीचे क्षेत्र एके काळी सुमारे चोवीस हजार चौरस किलोमीटर होते, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याहूनही अधिक. अशा विस्तारात गुरे गोळा करायची तर घोडा अपुरा पडतो. म्हणून मोटारसायकली आल्या, हेलिकॉप्टरे आली.

या व्यवस्थेत वासराच्या दृष्टीने माणूस म्हणजे काय, याचा विचार करून पाहावा. जन्मल्यापासून कित्येक महिने त्याने माणूस पाहिलेला नसतो. एके दिवशी आभाळात प्रचंड घरघर होते, आई धावू लागते, धुळीच्या लोटात कळप कोंडवाड्यात ढकलला जातो. तेथे त्याला तापल्या लोखंडाचा डाग देतात, खच्ची करतात, शिंगे कापतात, सुई टोचतात आणि आईपासून तोडतात. त्यानंतर माणूस पुन्हा अदृश्य होतो, तो पुढल्या संकटाच्या दिवशीच परत उगवण्यासाठी. गुरांची स्मरणशक्ती चांगली असते. विशेषतः एखाद्या जागेचा किंवा माणसाचा पहिला अनुभव ती सहसा विसरत नाहीत. अशा वासराने मोठेपणी माणूस पाहताच कुंपणावर झेप घेतली, तर त्याला आडदांड म्हणायचे की अनुभवी?

गुराच्या डोळ्यांनी पाहणारे

भ्यालेल्या गुराला काय दिसते आणि काय ऐकू येते, हे समजून घेण्याची तसदी फार उशिरा घेतली गेली. गुराचे डोळे मस्तकाच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला सभोवतालचे जवळजवळ सारे दिसते. दिसत नाही ते फक्त पाठीमागचे. म्हणून थेट मागून येणाऱ्याला ते दचकते आणि लाथ झाडते. प्रत्येक गुराभोवती एक अदृश्य वर्तुळ असते. माणूस त्या वर्तुळाबाहेर असेतो ते उभे राहून पाहते. आत पाऊल पडताच दूर सरकते. माणसाळलेल्या गाईच्या बाबतीत हे वर्तुळ शून्यावर येते, तर रानात वाढलेल्या जनावराच्या बाबतीत ते कित्येक मीटर पसरलेले असते. या वर्तुळाच्या कडेवर उभे राहून एक पाऊल आत टाकले की गुरू चालते, एक पाऊल मागे घेतले की थांबते. खांद्याच्या मागून पुढे सरकलात तर ते मागे जाते. पुढून मागे गेलात तर ते पुढे चालू लागते. एवढे व्याकरण ज्याला कळले त्याला आसूड लागत नाही, विजेची टोचणी लागत नाही, आणि ओरडावेही लागत नाही. बड विल्यम्स नावाच्या गुरेवाल्याने आयुष्यभर उत्तर अमेरिकेत हिंडून हीच गोष्ट लोकांना शिकविली.

याच विषयात टेंपल ग्रँडिन या बाईंचे नाव आज जगभर घेतले जाते. १९४७ साली जन्मलेल्या ग्रँडिन स्वमग्न आहेत. शब्दांपेक्षा चित्रांत विचार करण्याची त्यांची प्रकृती आहे, आणि तीच त्यांना गुरांच्या जवळ घेऊन गेली. १९७० च्या दशकात अॅरिझोनातील गुरांच्या वाड्यांवर त्यांनी एक साधी गोष्ट केली. ज्या अरुंद गल्लीतून गुरे पुढे जायला नकार देत, त्या गल्लीत त्या स्वतः शिरल्या आणि गुराच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहू लागल्या. त्यांना काय आढळले? कोठे साखळी लोंबत होती, कोठे कुंपणावर कुणाचा कोट टाकलेला होता, कोठे उजेडाचा कवडसा अंधारात आडवा पडला होता. आतापर्यंत गुरे हट्टी आहेत म्हणून त्यांना टोचले जात होते. प्रत्यक्षात साखळी काढून घेतली की ती आपसूक चालू लागत. ग्रँडिन यांनी पुढे अर्धवर्तुळाकार, बंद भिंतींच्या वाटा आखल्या आणि त्या अमेरिकेत व अन्यत्र मोठ्या प्रमाणावर स्वीकारल्या गेल्या. नकाराचे कारण जनावराच्या स्वभावात शोधण्याआधी त्याच्या वाटेत शोधावे, हा त्यांच्या साऱ्या कार्याचा इत्यर्थ होय.

गवताने शिकविलेला धडा

परंतु कोंडवाड्यातील एक दिवस सुधारून भागत नाही. गुरांचा स्वभाव घडतो तो उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत, कुरणावर. येथे चराईच्या पद्धतीचा संबंध येतो. फ्रान्समधील नॉर्मंडीचे शेतकरी-शास्त्रज्ञ आंद्रे व्हॉयझँ यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले की गवत किती गुरांनी खाल्ले यापेक्षा, खाल्ल्यावर त्याला विश्रांती किती मिळाली, याला महत्त्व आहे. कुरणाचे लहान तुकडे पाडावेत, एका तुकड्यात गुरे थोडेच दिवस ठेवावीत आणि गवत पुन्हा पुरेसे वाढेपर्यंत तेथे परतू नये, ही त्यांची फेरपालटीची चराई. त्यांचे लक्ष गवताकडे होते. पण या पद्धतीचा एक लाभ गुरांच्या स्वभावातही दिसून येतो. कुरण बदलायचे म्हणजे माणसाने रोज अथवा दर तीन-चार दिवसांनी पायी जाऊन फाटक उघडले पाहिजे. फाटकापलीकडे ताजे गवत असते. गुरांच्या मनात माणूस आणि ताजे गवत यांची सांगड बसते. पाचसहा वेळा असे घडले की त्यांना हाकावे लागत नाही. माणूस दिसताच ती फाटकापाशी येऊन उभी राहतात.

अर्थात केवळ कुरणाचे तुकडे पाडून हे साधत नाही. फाटक उघडून मागून कुत्री सोडली आणि शिट्ट्या-आरोळ्यांचा गदारोळ केला, तर वर्षातून दोनदा मिळणारी भीती रोजची होईल, इतकेच. शिवाय गवताचा प्रकृतीवरही परिणाम होतो. थंडी सरता सरता झपाट्याने वाढलेल्या कोवळ्या गवतात मॅग्नेशियम कमी पडते. ते खाणारी गाय एकाएकी थरथरू लागते, अंगावर धावून येते आणि उपचार न झाल्यास मरते. तिला मारकी म्हणून झोडपणारा मालक दुहेरी मूर्ख ठरतो. तात्पर्य हे की कुरण राखणे म्हणजे केवळ चारा राखणे नव्हे. तेथे गुरे वाढतात तशी शिकतातही.

ऑस्ट्रेलियाने १९९० च्या दशकात वासरांच्या बाबतीत हाच धडा गिरविला. आईपासून तोडलेली वासरे रानात हाकलून न देता आठवडाभर वाड्यात ठेवायची, चांगला चारा घालायचा आणि माणसांनी त्यांच्यामधून शांतपणे ये-जा करायची. एवढ्यानेच ती वासरे पुढे धान्य चारून पुष्ट करण्याच्या वाड्यांत लवकर रुळली, कमी आजारी पडली आणि अधिक वाढली. वासराला वळण लावण्याचे वय असते, हे आपल्या शेतकऱ्याला कुणी सांगावे लागत नाही.

भीतीची किंमत

आता व्यवहाराची बाजू. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९८८ मध्ये स्वभाव मोजण्याची एक युक्ती प्रसिद्ध केली. वजन करण्याच्या खोड्यातून सुटलेले जनावर पहिले दोनेक मीटर किती वेगाने ओलांडते, ते यंत्राने मोजायचे. जो जितका भ्यालेला तो तितका वेगाने पळणारा, इतके ते साधे गणित आहे. अमेरिकेत ग्रँडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखविले की शांत गुरांचे वजन चंचल गुरांपेक्षा रोज अधिक वाढते आणि वशिंडवाल्या वंशाच्या चंचल गुरांचे मांस अधिक चिवट निघते. याचे कारण शरीरशास्त्रात आहे. स्नायूंत साठविलेली साखर भीतीने आणि धावपळीने खर्च होते. ती भरून निघायला काही दिवस लागतात. तशा अवस्थेत जनावर मारले गेले तर मांसात पुरेशी आम्लता उतरत नाही. ते काळपट पडते, लवकर नासते आणि बाजारात भाव गमावते. अंगावरील माराचे वण कापून टाकावे लागतात, तो तोटा निराळाच. १९९९ मध्ये मॅकडोनाल्ड्स या खाद्यगृहांच्या साखळीने आपल्या पुरवठादार कत्तलखान्यांची तपासणी ग्रँडिन यांच्या पद्धतीने सुरू केली: शेकडा किती जनावरे घसरली, किती हंबरली, किती जणांना विजेची टोचणी लावावी लागली, हे मोजायचे. नीतीच्या उपदेशाने जे कित्येक वर्षांत झाले नाही ते या मोजणीने अल्पावधीत झाले.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की स्वभाव हा रक्तातच असतो. त्यात तथ्य नाही असे नव्हे. शांतपणा काही अंशी आनुवंशिक असतो, हे मोजमापांनी सिद्ध झाले आहे. अमेरिकेतील लिमोझिन जातीच्या पैदासकारांनी १९९० च्या दशकात वासरांना शांतपणाचे एक ते सहा असे गुण देऊन निवड सुरू केली आणि आपल्या जातीची वाईट कीर्ती बरीचशी पुसून टाकली. एवढेच काय, कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वरच्या बाजूला असलेली गुरे अधिक चंचल असतात, असे ग्रँडिन यांना १९९५ मध्ये आढळले. बैलबाजारात भोवरा पाहणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे वाचून हसू येईल; त्याच्या शुभाशुभाच्या कल्पना वेगळ्या असल्या तरी त्याची नजर योग्य ठिकाणी होती. तथापि बीज कितीही चांगले असले तरी ते ज्या मातीत पडते तिचा हिशेब चुकत नाही. ओंगोल, गीर आणि कृष्णाकाठच्या गुरांचा इतिहास हेच सांगतो.

दुसरा आक्षेप अधिक मर्मभेदी आहे. अखेर मारायचेच आहे, तर हळुवारपणाचा हा आव कशाला? नफा वाढतो म्हणून दाखविलेली दया ही दया म्हणावी काय? प्रस्तुत लेखकाचे मत असे की जनावराच्या बाजूने पाहिल्यास हा वाद गौण ठरतो. मृत्यू एका क्षणाचा असतो. भय मात्र दोन-तीन वर्षांच्या आयुष्यावर पसरलेले असते. ते भय कमी झाले तर मालकाच्या हेतूची शुद्धाशुद्धता गाईने तपासावी अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. आणि दुसरे असे, की सवयीने अंगी आलेला शांतपणा हळूहळू माणसालाही बदलतो. हाताखालच्या मुक्या जिवावर ओरडणे ज्याने सोडले, त्याचा आवाज घरातही थोडा खाली येत असावा.

आपल्या दारातले वास्तव

हे सारे वाचून ‘आमच्या देशात गाय माता आहे’ असे समाधान मानून घेण्याचा मोह होईल. तो टाळला पाहिजे. महाराष्ट्रात गाईची कत्तल १९७६ च्या कायद्याने आणि बैलांची २०१५ च्या सुधारणेने बंद झाली. त्याच काळात औताची जागा ट्रॅक्टरने घेतली, गायराने आक्रसली आणि सकाळी गोठणावर गावची गुरे जमवून रानात नेणारा गुराखी बहुतेक गावांतून नाहीसा झाला. त्याला कुणी शास्त्रज्ञ म्हटले नाही. परंतु कोणते रान केव्हा चारावे, कोणते राखावे, कोणती गाय पुढे चालते आणि कोणते खोंड बुजरे आहे, हे सारे त्याच्या ध्यानात असे. व्हॉयझँ आणि विल्यम्स यांनी जे सांगितले त्याचा बराचसा भाग तो रोज आचरीत होता. आज ज्या खोंडाला दावण नाही, वेसण नाही, औत नाही आणि गुराखीही नाही, ते रस्त्यावर आणि उभ्या पिकांत वाढते. त्याला माणसाकडून मिळतो तो धोंडा आणि दंडुका. मग एके दिवशी ते बाजारपेठेत कुणाला उडवते आणि आपण मोकाट गुरांच्या नावाने बोटे मोडतो. टेक्सासच्या कुंपणात आणि आपल्या चौकात या बाबतीत फारसा फरक उरलेला नाही. तेथे निदान चुकीची मोजदाद तरी सुरू झाली आहे.

कायदा गुराला जिवंत ठेवू शकेल. त्याला माणसाळवू शकणार नाही. त्यासाठी चराऊ राने राखावी लागतील, ती पाळीपाळीने चारावी लागतील आणि त्या कामाला माणसे लावून त्यांना रास्त वेतन द्यावे लागेल. पांजरपोळांना आणि ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या पैशांतून पत्र्याच्या शेडांइतकाच गुराख्याच्या वेतनालाही वाटा मिळाला पाहिजे. गुराखी ही मागासलेपणाची खूण नसून एक जाणकार व्यवसाय आहे, हे ज्या दिवशी आपल्या हिशेबाच्या वह्यांत उतरेल त्या दिवशी मोकाट गुरांचा प्रश्न निम्मा सुटेल. काऊबॉय अंगाई विसरला आणि त्याच्या देशाला ती पुन्हा शिकायला शंभर वर्षे लागली. आपल्याकडे ती आठवणारी म्हातारी माणसे अजून गावोगाव आहेत. ती आहेत तोवरच त्यांना विचारलेले बरे.